दर्पणकारांचा विसरलेला भूगोल

कुणकेश्वरची यात्रा माघ वद्य चतुर्दशीला भरते. महाशिवरात्रीच्या पहाटेपासून दर्शनाची रांग लागते आणि अमावास्येला गावोगावच्या देवस्वाऱ्या वाजतगाजत समुद्रस्नानाला उतरतात. देवालय अगदी सागराच्या काठावर. या दिवसांत समुद्राला उधाण असते, आणि ते का असते हे देवगड-मालवणच्या किनाऱ्यावरील कोणत्याही रापणकऱ्याला सांगावे लागत नाही. अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि भरती मोठी होते. ही गोष्ट तो कदाचित या शब्दांत मांडणार नाही. पण तिचे गणित त्याच्याजवळ असते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तो घड्याळातील तास समजावा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ सुमाराने हाती येते. चतुर्दशीच्या चौदाची पाऊणपट साडेदहा. तेव्हा शिवरात्रीला सकाळी साडेदहाच्या सुमारास एक भरती आणि रात्री साधारण त्याच वेळेस दुसरी. अष्टमीला सहा वाजता भरती, आणि तीही भांगाची, म्हणजे बेताची. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, हे खगोलातील तत्त्व या हिशेबात पाऊण तासाच्या रूपाने मुरलेले आहे.

याच रापणकऱ्याचा मुलगा माध्यमिक शाळेत भरती-ओहोटीचा पाठ शिकतो. भरतीचे प्रकार, तिची कारणे, तिचे परिणाम, प्रत्येकाचे तीन-तीन मुद्दे तो पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत उतरवतो. बापाची पाऊणपट आणि पुस्तकातील पाठ ही एकच वस्तू आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगणाऱ्यालाही बहुधा ते सुचलेले नसते. दहावीसाठी २०१८ साली जे भूगोलाचे पुस्तक आले, त्याचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा. नळदुर्गापासून अलिबागपर्यंतचा प्रवास त्यात कल्पिलेला, आणि पुढील पाठांत ब्राझील व भारत या दोन देशांची तुलना. योजना चांगली होती. परंतु पुष्कळ वर्गांत क्षेत्रभेटदेखील फळ्यावरूनच लिहून दिली जाते : क्षेत्रभेटीचे महत्त्व, सोबत न्यावयाचे साहित्य, प्रश्नावलीचा नमुना. शाळेमागच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर वर्षभरात एकदाही न गेलेला विद्यार्थी क्षेत्रभेटीवरील प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवू शकतो.

या विषयाची किंमत किती, हे २०२० साली एकदा उघडपणे दिसले. दहावीच्या परीक्षेतील भूगोलाचा चाळीस गुणांचा पेपर २३ मार्च रोजी व्हावयाचा होता. साथीमुळे तो आधी पुढे ढकलला गेला, नंतर रद्द झाला आणि इतर विषयांच्या गुणांची सरासरी काढून सतरा लाखांहून अधिक नोंदलेल्या विद्यार्थ्यांच्या भूगोलाचा निकाल लावण्यात आला. प्रसंग अपवादात्मक होता आणि शिक्षण मंडळापुढे दुसरा मार्गही नव्हता, हे खरे. परंतु भाषा आणि गणित यांच्या सरासरीने भूगोल येत असल्याबद्दल समाजात फारशी हळहळ उमटली नाही, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन असतो आणि १४ जानेवारी हा भूगोल दिन. पहिला बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दर्पण’ पत्राच्या जन्माचा दिवस; दुसरा भूगोलाचे नामवंत प्राध्यापक चं. धुं. देशपांडे यांच्या स्मरणाचा. दोन दिवसांत अंतर आठच दिवसांचे. पहिल्या दिवशी बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार पडतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे नावही कोणाच्या तोंडी येत नाही. मराठी मुलांना मराठी भाषेत भूगोल शिकवता यावा यासाठी ज्यांनी अगदी आरंभी ग्रंथ लिहिला, त्यांत बाळशास्त्रींची गणना होते, आणि ते कुणकेश्वर ज्या देवगड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील पोंभुर्ल्याचे.

पुराणिकाचा मुलगा

पोंभुर्ले हे किनाऱ्यापासून आत वसलेले गाव. बाळशास्त्री तेथे १८१२ मध्ये जन्मले, तेव्हा राज्य पेशव्यांचे होते. ते सहा वर्षांचे असताना, १८१८ मध्ये, विजयदुर्ग कंपनी सरकारच्या हाती गेला आणि कोकणपट्टीचा धनी बदलला. वडील गंगाधरशास्त्री हे पुराण सांगत. मुलाचे मराठी आणि संस्कृत यांचे शिक्षण त्यांनी घरीच केले. पुराणिकाच्या घरातील मुलाच्या कानावर जगाचे पहिले वर्णन पडते ते पुराणातले : मध्यभागी मेरू, त्याभोवती जंबुद्वीप, मग खारट पाण्याचा समुद्र, मग दुसरे द्वीप, मग उसाच्या रसाचा, पुढे तुपाचा, दुधाचा, अशी एकात एक कड्यांसारखी सात द्वीपे आणि सात समुद्र. या वर्णनाला एक भव्यता आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. त्या भव्यतेतून बाहेर पडून पृथ्वीचा गोल गणिताने समजून घेण्याचा आणि समजावून देण्याचा प्रवास ज्या मुलाने पुढे केला, त्याचा आरंभ मात्र याच ओसरीवर झाला.

वयाच्या तेरा-चौदाव्या वर्षी बाळशास्त्री इंग्रजी शिकण्यासाठी मुंबईस आले. त्या काळी दक्षिण कोकणातील माणूस मुंबईस जाई तो बहुधा गलबताने, वारा आणि पाणी पाहून. मुंबईत त्यांना आधार मिळाला तो सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा. १८२२ मध्ये मुंबईत देशी भाषांतील शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली होती आणि बापू छत्रे हे तिचे देशी चिटणीस होते. ‘बाळमित्र’कर्ते म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. नव्या शाळा निघत होत्या आणि त्या शाळांत शिकवण्यास मराठीत पुस्तके नव्हती. ती लिहवून घेणे, तपासणे, छापवणे हा मंडळीचा उद्योग. म्हणजे पोंभुर्ल्याचा हा मुलगा वाढला तो पाठ्यपुस्तके जेथे घडत होती अशा वातावरणात. शब्द नसलेल्या विषयाला मराठीत शब्द कसा द्यावा, ही रोजची अडचण त्याने फार लवकर पाहिली.

पुढची प्रगती थक्क करणारी आहे. १८३० मध्ये ते मंडळीचे दुय्यम चिटणीस झाले आणि दोन वर्षांनी, विशीतच, मुख्य देशी चिटणीस. इंग्रजीखेरीज गुजराती, बंगाली, फारसी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंच यांतही गती मिळवली. काही काळ अक्कलकोटच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणून त्यांनी काम केले. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी. ‘दर्पण’ची कथा इतक्यांदा सांगितली गेली आहे की येथे तिची पुनरुक्ती नको.

मोजणारे आणि मोजले जाणारे

बाळशास्त्री ज्या वर्षांत घडत होते ती या देशाच्या मोजणीची वर्षे होती, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा येत नाही. १८०२ मध्ये लॅम्ब्टनने मद्रासकडे सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी एव्हरेस्टच्या हाताखाली उत्तरेकडे सरकत होती. कोकणातही दुर्बिणी आणि साखळ्या फिरत होत्या. थॉमस जर्विस नावाच्या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने १८१९ नंतरची सुमारे दहा वर्षे दक्षिण कोकणच्या मोजणीत घालवली. या थॉमसचा भाऊ जॉर्ज जर्विस मुंबईस त्याच पुस्तक-मंडळीचा इंग्रज चिटणीस होता आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणत होता. एक भाऊ कोकण मोजतो आहे आणि दुसरा मराठी मुलांना मोजण्याचे गणित देतो आहे, असे हे विलक्षण चित्र आहे. परंतु या दोन कामांचा ओघ एकमेकांना मिळत नव्हता. मोजणीचे नकाशे, त्यांतील गावे, खाड्या, शेतसाऱ्याचे आकडे हे सरकारदप्तरी इंग्रजीत जात. ज्यांची जमीन मोजली जात होती त्यांना तो नकाशा वाचता येत नव्हता.

अर्थव्यवहाराच्या दृष्टीने पाहता यात नवल नाही. कंपनीला भूगोल हवा होता तो सारा बसवण्यासाठी, सैन्य नेण्यासाठी आणि जहाजे सुखरूप बंदरात आणण्यासाठी. १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली गेली तीही मुख्यतः याच कारणाने. जहाजावरील घड्याळ अचूक नसेल तर रेखांश चुकतो आणि रेखांश चुकला तर मालासकट जहाज खडकावर जाते. अचूक वेळ ही त्या काळी व्यापाराची गरज होती. ज्ञान राज्यकर्त्यांच्या गरजेतून आले म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. मात्र ते कोणाच्या भाषेत आणि कोणाच्या हातात राहते, यावर पुष्कळ अवलंबून असते. बाळशास्त्रींच्या कार्याचे मोल येथे दिसते. वेधशाळेत, इंग्रजी ग्रंथांत आणि सरकारी दप्तरात असलेली विद्या त्यांनी मराठी शाळेच्या बाकापर्यंत आणण्याचा प्रयत्न केला.

भूगोलविद्येचा गणितभाग

त्यांचा भूगोलावरील ग्रंथ १८३६ च्या सुमाराचा. नाव ‘भूगोलविद्या’, आणि जो भाग त्यांनी हाती घेतला तो गणितभाग. ही निवडच बोलकी आहे. भूगोलाचे पुस्तक लिहावयाचे तर सोपा मार्ग असा की देशांची नावे द्यावी, राजधान्या द्याव्या, नद्या आणि डोंगर मोजून दाखवावे. त्या काळच्या युरोपातील शालेय भूगोलही पुष्कळ अंशी असाच होता. गणितभूगोलाचा विषय निराळा : पृथ्वीचा आकार, तिचे दैनिक आणि वार्षिक भ्रमण, अक्षांश-रेखांश, दिवसमानातील फरक, ऋतू, ग्रहणे. येथे काहीही नुसते सांगून भागत नाही; पटवून द्यावे लागते. विद्यार्थ्याला सावली पाहावी लागते, कोन मोजावा लागतो, हिशेब करावा लागतो. ज्या बाळशास्त्रींनी पुढे शून्यलब्धीसारख्या उच्च गणितावर मराठीत पुस्तक लिहिले, त्यांना भूगोलाची ही बाजू जवळची वाटावी हे स्वाभाविक होते.

याच १८३६ मध्ये माळव्यातील सिहोरच्या पाठशाळेतील ज्योतिषी सुबाजी बापू यांचा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ मुंबईत छापून निघाला. पुराणातील सपाट पृथ्वी, भास्कराचार्यांच्या परंपरेतील गोल पृथ्वी आणि कोपर्निकसची सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी यांची त्यात तुलना होती. पृथ्वी गोल आहे हे आपल्या सिद्धान्तग्रंथांनी शतकांपूर्वीच गणिताने मानलेले होते. अक्षांश, देशांतर हे शब्द त्याच परंपरेतले. म्हणजे नव्या भूगोलाला मराठीत येण्यास जी वाट हवी होती ती संस्कृत गणितातून तयारच होती. संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही उत्तम जाणणारा माणूस तेवढा हवा होता. पुराणिकाच्या मुलाला ही वाट सापडली, यात योगायोग थोडा आणि तयारी फार.

गणितभाग म्हणजे नेमके काय, हे कुणकेश्वरच्याच उदाहरणाने पाहता येईल. हे गाव सुमारे १६ अंश २० मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश २४ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखांशावरून धरतात. दोहोंतील अंतर नऊ अंशांहून किंचित अधिक. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने छत्तीस मिनिटे. म्हणजे वर्षाच्या सरासरीने कुणकेश्वरला खरी दुपार होते ती घड्याळात बारा वाजून छत्तीस मिनिटे झाल्यावर. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे सोळा अंशांवर दिसतो. हाताची मूठ लांब धरून दीड मुठीहून थोडे वर पाहिले की तो सापडतो, आणि ती उंची हाच गावाचा अक्षांश. मे महिन्याच्या पाच-सहा तारखेस भर दुपारी सूर्य ऐन डोक्यावर येतो आणि देवळाच्या दीपमाळेची सावली तिच्याच पायाखाली नाहीशी होते. ऑगस्टच्या सात-आठ तारखेस तो योग पुन्हा येतो, पण तेव्हा कोकणात सूर्य दिसेल तर शपथ. या साऱ्याला एक काठी, एक दोरी आणि एक घड्याळ पुरते. प्रयोगशाळा, अनुदान आणि मंजुरी यांची वाट पाहण्याचे कारण पडत नाही. तरीही ते केले जात नाही, यावरून अडचण नेहमी पैशाचीच असते असे नाही एवढे तरी सिद्ध व्हावे.

पुस्तक, मासिक, वेधशाळा, शिक्षक

एल्फिन्स्टन विद्यालयात १८३४ मध्ये बाळशास्त्रींची साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. अशा पदावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. वय बावीस. दादाभाई नौरोजी हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक. पुढे दादाभाई त्याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले आणि हिंदुस्थानातून इंग्लंडात वाहत जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब त्यांनी आयातनिर्यातीच्या आकड्यांनी मांडला. देशाच्या दारिद्र्याविषयी हळहळणारे पुष्कळ होते. ते मोजावयास बसले ते दादाभाई. जग मोजता येते, ही सवय विद्यार्थ्याला लागते ती अशाच वर्गांत.

‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले. त्याच वर्षी बाळशास्त्रींनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. मराठीतील हे पहिले मासिक. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन अशा विषयांवरील लेख त्यात असत आणि सोबत नकाशे व आकृत्याही. त्या काळी मराठी मजकूर छापणेच जिकिरीचे होते. नकाशा छापणे त्याहून. तरी तो त्यांनी छापला, कारण भूगोलाचा लेख नकाशाविना देणे म्हणजे अर्धा लेख देणे, हे त्यांना कळत होते. पत्रकार बाळशास्त्री आणि भूगोलशिक्षक बाळशास्त्री अशी दोन माणसे नव्हतीच. ‘दर्पण’मध्ये दूरदेशीच्या घडामोडी वाचणाऱ्याला तो देश कोठे आहे हे ठाऊक नसेल तर त्या वाचण्याचा उपयोग काय? आजच्या वृत्तपत्रवाचकालाही हा प्रश्न लागू पडतो.

कुलाब्याच्या वेधशाळेशीही त्यांचा निकट संबंध आला. एल्फिन्स्टनमधील खगोलाचे प्राध्यापक ऑर्लेबार हे तिचे काम पाहत. त्यांच्यानंतर काही काळ ती जबाबदारी बाळशास्त्रींनी सांभाळली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित निरीक्षणे सुरू झाली होती. ठरावीक वेळी, दिवसरात्र न चुकता, सुईचे विचलन टिपावयाचे असे हे काम. रटाळ वाटणारे, पण ज्याच्या सातत्यातच त्याची किंमत आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि चुंबकाच्या सुया बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागेस हलवले गेले. ती मालिका तेथे पुढे चालू राहिली, आणि जगातील दीर्घ मालिकांत ती गणली जाते.

याखेरीज जुने शिलालेख आणि ताम्रपट वाचून त्यांवर निबंध लिहिणे, ‘बालव्याकरण’, ‘नीतिकथा’, इतिहासाची पुस्तके, ज्ञानेश्वरीची छापील प्रत, असा त्यांचा व्याप मोठा होता. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला मिशनऱ्यांकडून परत आणून जातीत घेण्याचा प्रश्न उठला, तेव्हा बाळशास्त्री मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. पृथ्वीच्या आकाराविषयी शास्त्राने सिद्ध केलेले मानणारा माणूस समाजाच्या व्यवहारातही केवळ रूढीपुढे मान तुकवणार नाही, असा त्याचा अर्थ कोणी लावला तर तो चुकीचा ठरणार नाही.

भूगोलाच्या दृष्टीने त्यांचे अखेरचे काम सर्वांत महत्त्वाचे होते आणि नेमके तेच सर्वांत कमी आठवले जाते. शाळांच्या तपासणीची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि १८४५ च्या सुमारास शिक्षक तयार करण्यासाठी काढलेल्या वर्गाचे ते प्रमुख झाले. शाळा तपासणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते. पुस्तक कितीही चांगले असो, मुलांपर्यंत ते पोहोचते ते शिक्षकाला जेवढे समजले असेल तेवढेच. गणितभागावरील पुस्तक ज्याला स्वतःला गणिताचे भय वाटते अशा शिक्षकाच्या हाती पडले, तर त्याची पोपटपंची होणार. म्हणून आधी पुस्तक, मग नकाशांचे मासिक, मग वेधशाळेतील प्रत्यक्ष अनुभव आणि शेवटी शिक्षकांचा वर्ग, अशी एक साखळी त्यांच्या आयुष्यात आपोआप जुळत गेली. तिची शेवटची कडी जेमतेम घातली गेली होती. १८४६ च्या मे महिन्यात अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे चौतीस.

साखळी तुटल्यानंतर

मागे राहिलेल्यांत केरोपंत छत्रे होते. कुलाब्याच्या वेधशाळेत तयार झालेले, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे. १८६० मध्ये त्यांनी ग्रहगणिताची कोष्टके मराठीत प्रसिद्ध केली. परंतु ही गणिती परंपरा ज्योतिषाकडे आणि पंचांगसुधारणेकडे वळली. शालेय भूगोलाच्या वाट्याला ती आली नाही. सरकारी शाळा वाढल्या, परीक्षा वाढल्या, आणि परीक्षेला सोयीचा भूगोल तो नावांचा. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. पण भूगोल हा स्वतंत्र पदवीचा विषय म्हणून मान्य होण्यास फार काळ जावा लागला. याबद्दल एकट्या मुंबईला दोष देता येत नाही. ऑक्सफर्डमध्येही भूगोलाचा स्वतंत्र विभाग निघाला तो १८९९ मध्ये. ‘भूगोलविद्या’ त्यापूर्वी साठ वर्षे मराठीत छापली गेली होती.

स्वातंत्र्यानंतर चं. धुं. देशपांडे यांच्यासारख्या प्राध्यापकांनी विषयाला प्रतिष्ठा मिळवून दिली. महाराष्ट्राच्या भूगोलावरील त्यांचा ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. महाविद्यालयांत विभाग उघडले. माध्यमिक शाळेत मात्र भूगोल हा इतिहासाचा धाकटा भाऊ राहिला. पुष्कळ शाळांत इतिहासाच्या शिक्षकाकडे भूगोलाच्या तासिका जातात, कारण वेळापत्रकात ते सोयीचे असते. तो शिक्षक प्रामाणिक असतो, मेहनतीही असतो. पण स्थानिक वेळेची उदाहरणे आली की तो पाठ लवकर उरकतो. विद्यार्थ्यांनाही ती अवघड वाटतात. हा दोष त्या शिक्षकाचा नव्हे. बाळशास्त्रींचा जो वर्ग त्यांच्या मृत्यूने पोरका झाला, त्या वर्गात तो बसलाच नाही, एवढेच.

यात नुकसान कोणाचे होते? नदीचा उगम न सांगता आल्याने कोणाचे पोट अडत नाही. परंतु कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर आज एक रेषा आहे, जिच्यावर घर, झावळ्यांचे हॉटेल, नारळाची बाग आणि मासे वाळवण्याची जागा यांचे भवितव्य टांगलेले असते. ती भरतीरेषा. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने उच्च भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा नियमाखाली आणला. २०११ आणि २०१९ मध्ये नियम बदलले, पट्ट्यांचे वर्ग आणि अंतरे बदलली, पण मोजणीचा आरंभबिंदू भरतीरेषाच राहिला. ही रेषा नकाशावर आखलेली असते. नकाशे जनतेच्या हरकतींसाठी खुले केले जातात. हरकत घ्यावयाची तर नकाशा वाचता आला पाहिजे. प्रमाण समजले पाहिजे. आपल्या खळ्यापासून ती रेषा किती मीटरवर येते हे काढता आले पाहिजे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ अचूक सांगणारा मनुष्य, कागदावरील भरतीरेषेपुढे मात्र मुका होतो. त्याचा दहावी झालेला मुलगाही मुका होतो. आणि त्याने तर भूगोलात चांगले गुण मिळवलेले असतात. मग शहरातून आलेला कोणी दलाल ती रेषा त्यांना समजावून सांगतो, आणि जमिनीचा भावही तोच सांगतो.

हापूसचेही तेच. देवगडच्या सड्यावर जांभ्या दगडात सुरुंग लावून खड्डे करतात, त्यांत माती भरून कलमे लावतात. पाणी न साचणारी ही जमीन आणि खारा वारा यांनी फळाला जी चव येते ती भूगोलाची देणगी. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक हा शब्द त्या मानांकनाच्या नावातच आहे, आणि बाजारात त्याची किंमत रुपयांत होते. मानांकनाच्या क्षेत्राची सीमा कोठून कोठपर्यंत, तिच्याबाहेरचे फळ त्याच नावाने विकले गेले तर तक्रार कशी करावी, हे बागायतदाराच्या मुलाला शाळेत शिकवणे अशक्य नाही. जून-जुलैत एकसष्ट दिवस मासेमारी बंद असते. ती याच दोन महिन्यांत का, हा प्रश्न मान्सून, प्रजनन आणि उत्पन्न यांना एकत्र बांधतो. असे पाठ पुस्तकात येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एका शिक्षकाच्या मनात आले तर ते येत्या शनिवारी घेता येतात.

पोंभुर्ल्याला दरवर्षी ६ जानेवारीस कार्यक्रम होतो. दूरदूरचे पत्रकार येतात, भाषणे होतात, पुरस्कार दिले जातात. गावातील आणि आसपासच्या शाळांची मुलेही येतात. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे साडेबावीस अंश असतो आणि या भागात तो माथ्यावर येतो ते घड्याळात बारा वाजून बेचाळीस मिनिटांच्या आसपास, म्हणजे साधारणतः भाषणे लांबून जेवणाची वेळ टळत चाललेली असते तेव्हा. अंगणात मीटरभर लांबीची काठी सरळ उभी केली, तर तिची सावली त्या क्षणी दिवसातील सर्वांत आखूड, सुमारे एक्क्याऐंशी सेंटिमीटर भरते. त्यावरून सूर्य माथ्यापासून एकोणचाळीस अंश कललेला आहे हे निघते; त्यातून साडेबावीस वजा केले की उरतात साडेसोळा. तो पोंभुर्ल्याचा अक्षांश.